बारडोलीला बाहेरचाच माणूस का लागतो?

बारडोली हे नाव आपण सर्वांनी शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात वाचलेले असते. १९२८ चा साराबंदीचा लढा आणि वल्लभभाई पटेलांना मिळालेली ‘सरदार’ ही पदवी, एवढे लिहिले की उत्तराचे गुण मिळत. आमच्याही लेखी बारडोली तेवढीच होती. प्रत्यक्ष जाण्याचा योग आला तो एका जानेवारीत, आणि तोही सहलीला म्हणून नव्हे, तर दहावीच्या एका मुलीला परत आणायला.

नंदुरबारला आमच्या वस्तीच्या विहारात संध्याकाळी अभ्यासिका चालते. दिवसभर कचेरीत कारकुनी करून संध्याकाळी आम्ही तेथे गणित आणि हिशेब शिकवतो. आमच्या वस्तीला लागूनच भिल्ल बांधवांची वस्ती आहे, तेथलीही मुले येतात. दर वर्षी दिवाळी झाली की मुलांची संख्या निम्म्यावर येते. विचारण्याची गरज नसते. पोरे आईबापांबरोबर ऊसतोडीला गुजरातेत गेलेली असतात. लहान मुलांना मागे ठेवण्यासाठी हंगामी वसतिगृहे आहेत, दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावे म्हणून शिक्षण हमी पत्रक आहे. पण दहावीच्या मुलीने मराठी माध्यमाचे पत्रक घेऊन गुजरातीच्या वर्गात बसून करायचे काय?

ही मुलगी हुशार. शाळेतल्या बाईंचा निरोप आला की विज्ञानाची प्रात्यक्षिक परीक्षा जवळ आली आहे, ती गैरहजर राहिली तर वर्ष जाईल. तिच्या आईची कंबर दोन हंगामांपूर्वी मोळी उचलताना धरली ती धरलीच, म्हणून आई घरी आणि मुलगी बापाबरोबर उसात, अशी व्यवस्था झाली होती. आई म्हणाली, “भाऊ, तुम्हीच जा. माझं काय कोण ऐकेल?” मुलीला आणायचे तर बाईमाणूस बरोबर हवे, म्हणून आमच्या सहचारिणीही निघाल्या.

सुरत-भुसावळ मार्गावरची ही गाडी आम्हा खानदेशवासीयांच्या घरचीच. चिंचपाडा गेले, नवापूर आले. नवापूरचे स्टेशन अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत. तेथे एक बाकडे आहे, त्याच्या मधोमध रेघ मारून एका बाजूला महाराष्ट्र व दुसऱ्या बाजूला गुजरात लिहिले आहे. लोक फोटो काढतात. आमच्या सहचारिणी गुजरातच्या बाजूला बसून म्हणाल्या, “इथं बसून काही मजुरी वाढत नाही वाटतं!” पुढे उकाई-सोनगड, व्यारा. मढीला गाडी थांबली तेव्हा खमणी घेतली. ती मात्र मढीची ती मढीचीच, हे कबूल केले पाहिजे. व्यारा सोडल्यावर दोन्ही बाजूंना ऊस सुरू होतो. काकरापारचा बंधारा आणि १९७२ साली पुरे झालेले उकाई धरण यांच्या कालव्यांनी ही जमीन हिरवी केली. त्या पाण्यावर बारडोली, मढी, चलथाण, गणदेवी असे सहकारी कारखाने उभे राहिले.

बारडोलीला उतरून आम्ही रिक्षाने कारखान्याच्या पडावाकडे निघालो. कारखान्याचे नाव येथे घेत नाही. त्या भागात रीत सगळीकडे सारखीच आहे. पडाव म्हणजे रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत ऐंशी-नव्वद पाले. बांबूच्या कामट्या, वर प्लास्टिकचा कागद. वाकून आत जायचे, वाकूनच बाहेर यायचे. एका टोकाला पाण्याचा टँकर उभा. संडास कोठे दिसला नाही. आम्ही पोहोचलो ते सकाळी अकराला, तेव्हा पडावात म्हाताऱ्या बाया, तान्ही मुले आणि कुत्री एवढीच होती. बाकी सगळे पहाटे तीनपासून फडात.

फडावर गेलो. बाप कोयत्याने ऊस बुडातून तोडत होता, मुलगी पाचट काढून, शेंडा छाटून मोळी बांधत होती. आम्हाला पाहून ती लाजली. अंगात बापाचा जुना शर्ट, डोक्याला फडके, आणि दोन्ही हातांवर उसाच्या पात्यांनी ओढलेल्या बारीक लाल रेघा. आमच्या सहचारिणींनी तिचे हात हातात घेतले आणि मग किती तरी वेळ कोणी काही बोलले नाही.

येथे एक शब्द समजून घ्यावा लागतो. हिशेबात माणूस मोजत नाहीत, ‘कोयता’ मोजतात. एक कोयता म्हणजे तोडणारा एक आणि सोलून मोळी बांधणारी एक, अशी जोडी. बरोबर पोर असेल तर तेही त्यातच. मजुरी टनावर आणि ती कोयत्याची. बाईची वेगळी नाही. म्हणून आई अंथरुणाला लागली की कोयता तुटतो, आणि कोयता तुटू नये म्हणून दहावीची मुलगी त्यात बसवली जाते. दिवाळीपूर्वी मुकादमाकडून घेतलेली उचल कोयत्यावर घेतलेली असते. अर्धा कोयता कोणी घेत नाही.

बापाने काम थांबवले नाही. हात चालू ठेवूनच म्हणाला, “काय करसू भाऊ, पोट शे ना मांगे. मुकादमले इचारा.” मुकादम दुपारी गाडी भरण्याच्या वेळी येणार होता. तोवर आम्ही नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर बसलो.

तेथे एक वयस्कर शेतकरी भेटले. पांढरे स्वच्छ कपडे, बोलायला अगदी मोकळे, चहाचे पैसेही त्यांनी आम्हाला देऊ दिले नाहीत. आम्ही सहज विचारले, “काका, तुमच्या गावात मजूर नाहीत का? एवढ्या लांबून आमची माणसे आणता?” ते हसले. म्हणाले, “मजूर तो बहुत है. लेकिन लोकल आदमी काम का नहीं. आज आएगा, कल नहीं आएगा. दारू पीता है, शादी में जाता है. तुम्हारा खानदेशी अच्छा. रात को दो बजे उठाओ, उठता है.” त्यांच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता. आम्हालाही आपली माणसे कष्टाळू ठरल्याचा क्षणभर अभिमान वाटला, हे लपवत नाही.

टपरीच्या मागेच हळपतीवास होता. हळपती म्हणजे पूर्वी ज्यांना ‘दुबळा’ म्हणत तो समाज. गांधीजींच्या काळात त्यांना हळपती, म्हणजे नांगराचा धनी, असे नवे नाव मिळाले. नाव मिळाले, जमीन नाही. पूर्वी हा समाज ‘हाळी’ होता. लग्नासाठी जमीनमालकाकडून पैसे घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत, म्हणजे बहुधा जन्मभर, त्याच्या शेतावर राबायचे. १९२८ चा लढा सारा भरणाऱ्यांचा होता. ज्याच्या नावावर जमीनच नाही त्याचा सारा तो काय वाढणार आणि काय कमी होणार? त्याच १९२८ साली इकडे मुंबई कायदेमंडळात बाबासाहेब महार वतनाचे बिल मांडत होते, बलुत्यावर आणि तुटपुंज्या इनामावर माणसाला पिढ्यान् पिढ्या बांधून ठेवणारी वेठ मोडावी म्हणून. इतिहासाच्या पुस्तकात ही दोन्ही प्रकरणे एका पानावर आली असती तर आमच्या पिढीला काही वेगळे कळले असते.

हळपतीवासात एका ओसरीवर एक गृहस्थ बसले होते, वय साठीच्या आसपास. आम्ही नंदुरबारचे म्हटल्यावर त्यांनी खाट पुढे केली. घरात तरुण कोणी दिसेना. विचारले तर कळले की मुलगा आणि सून दिवाळीनंतर मुंबईच्या बाजूला वीटभट्टीवर गेली आहेत, पावसाच्या आधी येतील. आम्ही म्हटले, “बापा, दारात ऊस उभा आहे, कारखाना हाकेवर आहे, आणि पोरगा वीटभट्टीला?” ते म्हणाले, “इधर हमको कौन बुलाता है? उधर का सेठ बोलता है, तुम लोग अच्छा काम करता है.”

त्याच टपरीवर आळशी ठरलेला मनुष्य दोनशे-अडीचशे किलोमीटरवर गेला की कष्टाळू ठरतो! अंगातला आळस काय रेल्वेच्या तिकिटाने जातो? मग फरक कशात आहे?

या प्रश्नाचा शोध एका परदेशी माणसाने फार पूर्वी घेतला आहे. जान ब्रेमन हे नेदरलँड्सचे समाजशास्त्रज्ञ १९६२ पासून दक्षिण गुजरातच्या खेड्यांत येत राहिले. बारडोलीच्या ऊसतोडीवरचा त्यांचा लेख १९७८ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त आला, पुढे १९८५ साली पुस्तकही झाले. आमच्या एका प्राध्यापक मित्राने त्याची झेरॉक्स दिली होती. त्याचा मतलब साध्या भाषेत सांगायचा तर असा : गावात मजूर कमी आहेत म्हणून बाहेरचा आणला जातो, हे खरे नाही. गावचा मजूर नको असतो, कारण तो गावचा असतो.

फडावर बसून पाहिले की हे उमगते. ऊस तोडला की तो लवकर गाळावा लागतो, नाहीतर साखरेचा उतारा घटतो. कारखाना रात्रंदिवस चालतो. त्याला रात्री दोनला ट्रक भरून हवा असेल तर दोनला माणूस हवा. गावचा माणूस रात्री आपल्या घरी झोपलेला असतो. त्याला बायकोचे बाळंतपण असते, भाच्याचे लग्न असते, रेशनचा दिवस असतो. अंगात कणकण असली तर तो “आज नाही येत” म्हणतो आणि दार लावून घेतो. त्याला दार आहे. पडावातल्या माणसाला प्लास्टिकचा कागद आहे, आणि तो मुकादमाने दिलेल्या जागेवर आहे.

दुसरे म्हणजे गावच्या मजुराला संध्याकाळी किंवा आठवड्याला रोख पैसे द्यावे लागतात. बाहेरच्याला पंधरवड्याला खावटी, म्हणजे धान्य आणि मिठामिरचीपुरते पैसे. बाकी हिशेब हंगाम संपल्यावर. पाच महिन्यांची मजुरी दुसऱ्याच्या हातात अडकलेली असताना मध्येच काम सोडून कोण जाईल? तिसरे म्हणजे त्याचे तेथे मत नाही. निवडणूक आली तर उमेदवार हळपतीवासात निदान हात जोडून जातो, पडावात तोही जात नाही. भाषा थोडीफार कळते, पण कचेरी कोठे, अर्ज कोणाकडे, हे माहीत नाही. आणि बाहेरून हजारो कोयते येतात म्हटल्यावर गावच्या मजुरालाही शेतावर दर वाढवून मागता येत नाही. एका दगडात दोन पक्षी.

असे फक्त गुजरातेतच चालते असे नाही. आपल्याकडे सांगली-कोल्हापूर-पुण्याच्या कारखान्यांना बीडचा कोयता लागतो. तेथेही उचल आहे, मुकादम आहे, जोडी आहे. पंजाबच्या भातलावणीला बिहारचा मजूर लागतो. २०२० च्या टाळेबंदीत तो गावी परतला तेव्हा त्याला परत आणायला शेतकऱ्यांनी बसगाड्या पाठवल्या होत्या.

येथवर लिहून हात झटकता आले असते. पण आमच्या सहचारिणींनी टपरीवरून उठताना हळूच म्हटले, “कापसाचं आठवतं का?” आठवत होते. वडिलांच्या नावची दोन एकर कोरडवाहू जमीन आहे. २०१९ साली कापूस बरा आला होता. आमच्या वस्तीतल्या बाया वेचणीला किलोमागे दोन रुपये वाढवून मागत होत्या. त्या आम्हाला ‘भाऊ’ म्हणणाऱ्या, जयंतीच्या वर्गणीला सर्वांत आधी येणाऱ्या. आम्ही काय केले? मध्य प्रदेशाच्या हद्दीवरच्या खेतियाहून पिकअप भरून वेचणीची माणसे आणली. ती शेतातच राहिली, सकाळी सहाला कामाला लागली, दराची घासाघीस केली नाही. कचेरीत आम्ही सांगितलेही होते, “इथल्या बायांना कामच नको आहे.” पांढऱ्या कपड्यांतले ते काका आणि आम्ही यांत त्या दिवशी अंतर किती होते? त्या बायांपैकी एक आजही आमच्याशी नीट बोलत नाही. तिचे बरोबर आहे.

दुपारी मुकादम आला. पस्तिशीचा पोरगा, आमच्याच जिल्ह्यातला, बोलायला नरम. आम्ही मुलीचा विषय काढल्यावर त्याने मोटारसायकलच्या डिकीतून लाल कापडी बांधणीची वही काढली. आम्ही बीकॉम झालेले, वही दिसली की डोळे आपोआप आकड्यांवर जातात. बापाच्या नावावर उचल चाळीस हजार. त्यावर हंगामाअखेर दीडपट, म्हणजे साठ हजार वळते करायचे. ही दीडपट त्या भागात जुनी आहे. गुजरात सरकारने २०२३ साली तोडणीचा किमान दर टनाला २३८ रुपयांवरून ४७६ रुपये केला, तो दर पूर्ण पदरात पडला असे धरू. हा कोयता दिवसाला सरासरी टनभर तोडतो. दीडशे दिवसांचे एकाहत्तर हजार चारशे. त्यातून साठ हजार गेले, उरले अकरा हजार चारशे. खावटी पंधरवड्याला नऊशे, दहा पंधरवड्यांचे नऊ हजार. शिल्लक दोन हजार चारशे रुपये. दोन माणसे, पाच महिने, आणि एकही दिवस खाडा न करता. खाडा झाला तर आकडा उलट्या बाजूला जातो आणि पुढच्या दिवाळीला नवी उचल घेण्यापूर्वी जुनी उभी राहते.

आम्ही कायद्याची भाषा काढली. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा, जो पुढे २०२० च्या श्रमसंहितेत सामावला गेला, १९४८ चा किमान वेतनाचा, १९७६ चा वेठबिगारी निर्मूलनाचा. मुकादमाने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाला, “साहेब, माझ्याही अंगावर कारखान्याची रक्कम आहे. माझे इतके कोयते इतके दिवस, असं मी लिहून दिलंय. एक कोयता बसला तर माझ्या नावावर पडतो. मी आज या पोरीला सोडतो, उद्या चार जण येतील. तुम्ही सांगा, मी कोणाकडे जाऊ?” त्याच्या मागेही कोणीतरी वही घेऊन उभा होता. ती साखळी वर कोठवर जाते हे त्याला माहीत असावे. त्याने सांगितले नाही.

शेवटी तोडगा त्यानेच काढला. प्रात्यक्षिकाला चार दिवस मुलगी जाईल. त्या चार दिवसांचा खाडा धरला जाईल. आणि ती परत येईल याला कोणीतरी जामीन हवा. बाप आमच्याकडे पाहू लागला. “भाऊ शेतस ना,” एवढेच म्हणाला.

आम्ही होकार दिला. मुकादमाने आमचे नाव, गाव, मोबाईल नंबर वहीत लिहून घेतला आणि खाली सही करायला सांगितली. वेठीविरुद्ध मोर्चे काढणारे आम्ही, एका शाळकरी मुलीला उसात परत आणून घालण्याची हमी देऊन बसलो. दुसरा मार्ग होता. सही न करता मुलीला सरळ घेऊन निघायचे. मग तो कोयता पुरा करायला कमरेने वाकलेली तिची आई चार दिवसांनी त्याच गाडीत बसली असती. आम्हाला अजूनही कळलेले नाही की त्या घटकेला योग्य काय होते. ज्यांना कळते त्यांनी आम्हाला जरूर सांगावे.

संध्याकाळच्या गाडीत गर्दी होती. मुलीने पिशवीतून विज्ञानाची वही काढली, तिला उसाच्या चिकट रसाचे डाग पडले होते. लिटमस कागदाचा प्रयोग ती पुटपुटत होती. व्याऱ्याच्या पुढे अंधार झाला तशी तिने वही मिटली आणि विचारले, “काका, मुकादमाच्या वहीत तुमचं नाव जमेच्या बाजूला लिहिलं का नावेच्या?” हे आम्हीच तिला अभ्यासिकेत शिकवले होते.

“नावेच्या,” आम्ही म्हणालो.

ती प्रात्यक्षिक परीक्षेला बसली. पाचव्या दिवशी सकाळी आमच्या सहचारिणी तिला बारडोलीला पोहोचवून आल्या. येताना त्या गाडीत कोणाशी बोलल्या नाहीत. लेखी परीक्षा फेब्रुवारीअखेर सुरू होते आणि पेपर मार्चपर्यंत चालतात. एवढ्या दिवसांचा खाडा चार दिवसांसारखा वहीत मावत नाही. मुकादमाचा फोन आला होता. तितक्या दिवसांसाठी दुसरी बाई मिळवून द्या, म्हणाला, मग पोरगी न्या. आम्ही वस्तीत विचारणा केली. दोघी-तिघींनी नाही म्हटले. चौथ्या घरी गेलो ते कापसाच्या वेळी आमच्यावर रागावलेल्या त्या बाईंचे. त्यांनी सगळे ऐकून घेतले, चहा ठेवला, आणि म्हणाल्या, “पोरीसाठी जाईन. पण मजुरी माझ्या हातात, आणि दर तुम्ही ठरवायचा नाही.”